एक टिंब म्हणजे पाचशे माणसं

"सर, त्या बेटावर सगळी मिळून दीडशे माणसं. म्हणजे सगळी भावकीच असणार. मग तिथल्या पोरी लग्नं कुणाशी करतात?"

विचारलं! उभं राहून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं. माझ्या दोन बाजूंना मिस्बाह मुकादम आणि स्नेहल गुरव बाकाखाली तोंड घालून खिंकाळत होत्या. पैज त्यांचीच. हा प्रश्न सरांना विचारून दाखवलास तर मधल्या सुट्टीत दोघींकडून एकेक कालाखट्टा गोळा.

नववीतली गोष्ट आहे ही. आता मी बारावीत आहे, पण तो सोमवार मला कालच्यासारखा आठवतो. 'वितरणाचे नकाशे' हा धडा चालू होता. जगदाळे सरांनी जगाचा नकाशा टांगला होता आणि छडीचं टोक पार वर, कॅनडाच्याही डोक्यावर टेकवलं होतं.

"हे एल्समिअर बेट. उत्तर ध्रुवाच्या शेजारीच म्हणा. केवढं मोठं? आपल्या महाराष्ट्राचे तीन भाग करा, त्यातले दोन. आणि वस्ती किती? दीडशेच्या आसपास. गाव एकच, पार खालच्या टोकाला. बाकी एक सैन्याचं ठाणं, एक हवामानाचं केंद्र, आणि नुसता बर्फ. आता सांगा, या नकाशात एक टिंब म्हणजे एक लाख माणसं धरली, तर या बेटावर टिंबं किती?"

"एक पण नाही, सर!" अख्खा वर्ग ओरडला.

तेवढ्यात मी हात वर केला होता.

आणि तो प्रश्न विचारला. मग हसण्याचा जो काय भडका उडाला! त्यात मुलांच्या रांगेतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "जुव्यावरच्या पोरीला लग्नाची काळजी पडली बघा!"

तर जुवं म्हणजे काय, ते सांगते. खाडीच्या मधोमध जे बेट असतं त्याला आमच्याकडे जुवं म्हणतात. मी साखरजुव्यावरची. केतकी डोर्लेकर. चारही बाजूंना खाडी, काठाला कांदळवन, मध्ये नारळ आणि पंधरा-वीस घरं, त्यातली निम्मी कुलपात. जाण्यायेण्याला एकच साधन, होडी. आणि सुकती असली, म्हणजे ओहोटीनं पाणी मागे गेलेलं असलं, की होडी धक्क्याला लागतच नाही. मग गुडघाभर चिखलातून चालायचं. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नसे. पाय बाकाखाली लपवून बसायची, कारण चिखल कितीही धुतला तरी नखांत राहतोच. नववीत मिस्बाह माझ्या बाकावर आली आणि तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाय काय बघतेस? तोंड बघ समोरच्याचं." तेव्हापासून मी अशी झाले!

जगदाळे सर हसले नाहीत. ते घाटावरचे, माण तालुक्यातले. आमच्या खाडीला एवढे घाबरायचे की धक्क्याच्या पायरीवरसुद्धा कधी आले नव्हते. एरवी पुस्तकी बोलायचे, पण रंगात आले की गावची भाषा बाहेर पडायची.

"गप बसा रं!" ते वर्गावर खेकसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रश्न झकास हाय. उत्तर मलाबी ठाऊक नाही. तू शोधून काढ. शुक्रवारी इथं फळ्यापाशी उभं राहून सांगायचं. नुसतं लग्नाचं नाही, सगळं. माणसं तिथं गेली कशी, राहतात कशी."

गोळे मिळाले. दोन्ही खाल्ले. जीभ जांभळी झाली.

त्या संध्याकाळी होडीत आम्ही नेहमीचीच सात पोरं होतो. जुव्यावरची प्राथमिक शाळा पट नाही म्हणून बंद झाली होती, त्यामुळे पहिलीतल्या पोरांपासून माझ्यापर्यंत सगळी पलीकडच्या शाळेत यायची, आणि सगळ्यांना आणायचे-न्यायचे ते माझे बाबा. आधी आजोबा न्यायचे, त्यांच्यानंतर बाबा. दुसरं कोणी उरलंच नव्हतं. जे वल्हवू शकत होते ते मुंबईला, जे उरले होते ते म्हातारे.

बाबा उजव्या हातानं वल्हं ओढताना दात आवळत होते. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा खांदा गेला होता.

घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, "केतके, मे महिन्यात आपण पलीकडं राहायला जायचं. तुझ्या बाबांना कॅनिंग फॅक्टरीत वॉचमनचं काम मिळतंय. खोली पण देतायत."

"खरंच?" मी उडीच मारली. "म्हणजे शाळेच्या जवळ? स्नेहलच्या घराच्या जवळ?"

"पाच मिनिटांवर."

"म्हणजे चिखल नाही?"

"डांबरी रस्ता हाय गो बाय, दारापर्यंत." आईचा चेहरा असा उजळला होता की मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला.

बाबा दाराशी खांद्याला तेल चोळत बसले होते. म्हणाले, "दोन वर्षांसाठी. खांदा सुधारला की परत यायचं."

"होय, होय," आई म्हणाली.

"आणि होडी?" मी विचारलं.

"रविवारी बघायला येणार हायत एक जण. पर्यटकांना फिरवायला विकत पायजे म्हणतात," आईनं सांगितलं.

"किती वाजता?"

"अष्टमी हाय, भरती सहाची. तेव्हाच बोलावलंय," बाबा म्हणाले आणि आईनं का कोण जाणे, फस्सकन हसून तवा पुसला.

मी आनंदात होते. खोटं कशाला बोलू? मला तेव्हा होडीचं काहीही वाटलं नाही. रात्री झोपताना मी डांबरी रस्त्यावरून पांढरे सॉक्स घालून शाळेत जात होते.

एल्समिअरचं शोधायला मंगळवारी बाबांचा फोन घेऊन मी जुव्याच्या टोकाला गेले. रेंज तिथेच येते, तीही एका वाकड्या माडाला पाठ लावून उभं राहिलं तर. फोनवर सगळं इंग्रजी. भाषांतर करून मिळतं, पण कसं? 'शिक्का हे तेथील लोकांचे प्रमुख अन्न आहे.' माणसं शिक्का खातात? कितीतरी वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो सील नावाचा प्राणी आहे. मी एकटीच माडाला टेकून पोट धरून हसले.

पण मग मजा यायला लागली. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात मावळत नाही. सामानाचं जहाज वर्षातून एकदा येतं, उन्हाळा संपता संपता, समुद्र मोकळा झाला की. गावाशेजारी हिमनग येऊन थांबला तर त्याचे तुकडे फोडून आणतात आणि वितळवून पाणी पितात. गावाचं त्यांच्या भाषेतलं नाव आहे औयुइत्तुक. कधीच न वितळणारी जागा. मला तिथल्या माणसांचे चेहरे बघायचे होते. बघितले. पोरं सायकलवर बसलेली, मागे बर्फाचे डोंगर. एका पोरीनं अगदी मिस्बाहसारखे डोळे वाकडे केले होते.

मग माणसं तिथे गेली कशी, ते वाचायला घेतलं. ते वाचताना रेंज गेली, परत आली, परत गेली. मी जागची हलले नाही. आईच्या हाका ऐकू येत होत्या तरी हलले नाही.

बुधवारी आई नि मी तिसऱ्या काढायला चिखलात उतरलो होतो. या शिंपल्यांसाठी तेवढी आई पाण्यात पाय घालते, एरवी नाही. मी तिला विचारलं, "आई, तुला इथे कशी काय दिली गो? तुझ्या माहेरी तर एसटी दारात येते."

आईनं कोयता चिखलात रोवला. "फसवून," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगो, जुव्याची रीतच हाय ती. मुलीकडच्यांना स्थळ बघायला बोलवायचं ते भरतीला. तिथी बघूनच बोलवतात. आम्ही आलो तेव्हा पाणी कसं, काठोकाठ! होडी थेट धक्क्याला. माझ्या बाबांच्या चपलेला थेंब लागला नाही. समोर माड, पाण्यात त्यांची सावली. माझी आत्या म्हणाली, पोरी, नशीब काढलंस, चित्रातलं गाव हाय."

"मग?"

"मग काय? लग्न होऊन आले ती सुकतीला! वरात कशी निघाली सांगू? शालू कमरेला खोचलेला, मुंडावळ्या एका हातात, पैंजण चिखलात. एक पैंजण अजून हायच कुठंतरी हितं." तिनं आजूबाजूच्या चिखलाकडे कोयत्याचं टोक फिरवलं. "तुझे बाबा मागून म्हणतात, दोन दिवसांत सवय होईल."

"झाली?"

"झाली म्हणजे काय, केली. पण तुला कुणी असं भरतीला दाखवून फसवायला नको, म्हणून तर निघायचं बाय. कळलं?"

मला कळलं. आणि रविवारी सहाची भरती ऐकून आई का हसली होती, तेही कळलं.

"पण आई," मी म्हटलं, "आपण गेल्यावर बाकीच्या पोरांना शाळेत कोण नेणार?"

आईनं तिसऱ्यांची टोपली उचलली. "पाणी चढतंय. चल."

शुक्रवारी सकाळी सुकती होती, पाणी अजून उतरतच होतं. पोरं चिखल तुडवत होडीत चढली, मध्ये जी बारीक धार उरते तिच्यातून बाबा होडी काढत होते. खाडीचं पाणी उतरताना समुद्राकडे ओढतं, सगळ्यांना माहीत आहे. अर्ध्यावर बाबांच्या तोंडातून विचित्र आवाज आला. उजवं वल्हं सुटलं. हात तसाच लोंबत राहिला. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फिरली आणि होडी आपली आपण खाली, समुद्राकडे निघाली.

पहिलीतली नंदा रडायला लागली.

मी कधी उठले, कधी बाबांच्या समोर बसले, आठवत नाही. वल्हं हातात होतं एवढं खरं. लहानपणी मजेत मारली होती वल्ही, पण रिकामी होडी, भरतीचं पाणी. हे वेगळं होतं. पहिल्या झटक्यात वल्हं पाण्यावरून नुसतं सरकलं आणि मी मागे कलंडले.

"खोल घाल," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता. "पाण्याशी भांडू नको. तिरकी ने. नाळ त्या वरच्या अंगाच्या लाल घराकडं ठेव, धक्क्याकडं नको."

"पण आपल्याला धक्क्याला जायचंय!"

"पाणी नेईल धक्क्याला. तू लाल घर बघ."

मी लाल घर बघितलं. तळहात सोलले. मोठ्यानं आकडे म्हणत होते, पोरं पण माझ्याबरोबर म्हणायला लागली, नंदासुद्धा. होडी लाल घराकडे तोंड करून धक्क्याच्या दिशेनं सरकत गेली आणि धक्क्याच्या अलीकडे चिखलात रुतली. पोरांना एकेक करून मी काठावर पोचवलं. बाबांना मिस्बाहच्या अब्बांनी रिक्षातून दवाखान्यात नेलं.

"तू जा शाळेत," बाबा रिक्षातून म्हणाले. "आज बोलायचंय ना तुला?"

तास सुरू झाला होता. मी दारात उभी राहिले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, युनिफॉर्मवर चिखल, केसांत चिखल. धुवायला वेळच नव्हता.

"सर, मे आय कम इन?"

सर बघत राहिले. "ये. थेट फळ्यापाशीच ये."

मी गेले. फरशीवर माझी पावलं उमटत गेली. कोणी हसलं नाही, आणि हसलं असतं तरी मला तेव्हा ऐकू आलं नसतं.

"तिथल्या पोरी लग्नं कुणाशी करतात," मी सुरुवात केली, "तर तो प्रश्न त्यांनाही पडला होता. खरंच. कारण तिथे सुरुवातीला थोडीच कुटुंबं होती. आणि ती आपणहून आलेली नव्हती. सत्तर वर्षांपूर्वी सरकारनं त्यांना खूप लांबून, खालच्या भागातून आणून तिथे सोडलं. तिकडे शिकार भरपूर मिळेल असं सांगितलं. त्यांना महिनोन्‌महिने अंधार असतो हेच माहीत नव्हतं, कारण त्यांच्या गावी तसं नव्हतं. आणि त्यांना सांगितलं होतं की आवडलं नाही तर दोन वर्षांनी..."

मी थांबले.

"दोन वर्षांनी काय?" सरांनी विचारलं.

"दोन वर्षांनी परत नेऊ. तसं सांगितलं होतं. नेलं नाही." मी पुढचं भराभर बोलले. "सरकारनं नंतर माफी मागितली, पण खूप खूप वर्षांनी. तोपर्यंत त्यांची पोरं तिथलीच झाली होती. त्यांना सील कुठे सापडतो, बर्फ कुठला पातळ, कुठला जाड, सगळं यायला लागलं. आता ते त्यांचं गाव आहे. तिथे एक दगडाची आई आहे, तिच्याजवळ मूल आहे, आणि दोघं समुद्राकडे बघतात. त्या गावाला तुम्ही टिंब देत नाही, सर."

सर हळू आवाजात म्हणाले, "मी देत न्हाई असं न्हाई गं. पद्धतच तशी हाय. टिंबाचं मूल्य..."

"हा आपला तालुका," मी भिंतीकडे वळले. आमच्याच वर्गानं केलेला तालुक्याच्या लोकसंख्येचा नकाशा तिथे चिकटवला होता. माझ्या हस्ताक्षरात कोपऱ्यात लिहिलं होतं, एक टिंब म्हणजे पाचशे माणसं. खाडीच्या निळ्या पट्ट्यात जुवं होतं. हिरवं रंगवलेलं, छान. त्यावर टिंब नव्हतं. रंगवलं कोणी होतं? मीच!

"इथे सत्तेचाळीस माणसं राहतात, सर."

"मग पाचशेच्या टिंबात कशी बसवणार?"

"टिंब लहान करा."

"एका जुव्यासाठी? दहा माणसांचं टिंब धरलं तर अख्ख्या तालुक्याला टिंबं किती द्यावी लागतील, बघ की! हात मोडतील."

"मोडू देत. मी देते."

मिस्बाह टाळी वाजवणार होती, तिचा हात अर्ध्यावर थांबलेला मला दिसला. जगदाळे सरांनी टेबलावरचा काळा पेन उचलला, टोपण काढलं आणि माझ्यापुढे धरला. "माझ्या वस्तीलाबी कुठल्या नकाशात टिंब न्हाई," ते म्हणाले. "घे. काढ. पद्धत चुकू दे आज."

माझे तळहात सोललेले होते, पेन धरताना झोंबलं. पाच टिंबं काढली, पाचवं थोडं बारीक.

संध्याकाळी जाताना पाणी चढलेलं होतं, पलीकडच्या एकानं आपल्या होडीतून आम्हाला सोडलं. रोज नाही हां, त्यानं आधीच सांगितलं. आमची होडी बाबांनी दुपारीच दोघांना धरून पलीकडून आणवली होती आणि अंगणासमोर उपडी करून ठेवली होती. बाबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं ते होडीच्या पोटाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावत होते, रविवारसाठी. आई खाली बसून तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होती.

मी दप्तर ओट्यावर टाकलं आणि होडीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिले. ते दोघं अलीकडे, मध्ये होडी, आणि समोर मी.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वल्हं धरायचं नाही. कधीच," आईनं सांगितलं. "बघितलंस? देवानंच ठरवलंय."

"तेल कशाला लावताय मग, बाबा?"

"बरी दिसावी म्हणून."

"तुम्ही दोन वर्षांसाठी म्हणालात. होडी विकल्यावर परत कसं यायचं?"

बाबांचा हात थांबला. आईच बोलली, "केतके, सोमवारी तूच नाचत होतीस ना गो? डांबरी रस्ता, डांबरी रस्ता?"

"होय. नाचत होते."

"मग आता काय झालं?"

मी माझे तळहात होडीवर ठेवले. तेलानं आग आग झाली, पण काढले नाहीत.

"होडी विकायची नाही," मी म्हटलं. "सोमवारपासून शाळेची पोरं मी नेणार. बाबा, तुम्ही नाळेवर बसायचं आणि नुसतं सांगायचं, लाल घर कुठलं नि धक्का कुठला. सातवीतल्या दोघांना मी शिकवीन, म्हणजे मी दहावीला गेले तरी अडणार नाही. फॅक्टरीतल्या वॉचमनची नोकरी इथे राहूनच घ्या तुम्ही, रोज न्यायला-आणायला मी आहेच. आणि आई, तू घाबरतेस ते मला कळतं, म्हणून तूपण बसायचंस होडीत पहिले आठ दिवस. बसून शिव्या घाल मला हव्या तेवढ्या."

"अगो, पण बायकामाणसं कधी होडी चालवतात का? उद्या तुझं लग्न ठरवायला कुणी आलं तर काय सांगायचं?"

"ते पण ठरलंय माझं," मी म्हटलं. "मला बघायला ज्यांना यायचं असेल, त्यांना सुकतीला बोलवायचं."